गोलरेषेवरचा फोटो

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवा नाही, जुनाच घ्यायचा. ठरलं एकदाचं! सकाळपासून घरात नुसती जुंपली होती. मुलगा म्हणतो, नवा कॅमेरा घे, खोक्यातला, गॅरंटी असते. नात म्हणते, बाबा, नव्याबरोबर जी लेन्स देतात ती आखूड असते, पलीकडच्या गोलात काय चाललंय ते मुंगीएवढं दिसतं. सून म्हणते, आधी जेवून घ्या, मग भांडा. मी म्हटलं, मी सांगू का? तर दोघं एकदम — "तू मधे पडू नकोस!" एकाच शब्दात एकानं आईला गप्प केलं आणि एकीनं आजीला. बापलेक आहेत हे नाकावरून दिसतंच, आता तोंडावरूनही कळलं.

भानगड अशी आहे. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसेल तर शपथ! झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. तिथले एका बाजूला छापलेले वाया गेलेले कागद मला आणून देते, त्यावरच हे लिहितेय. तर रविवारी मोठ्या मैदानावर हौशी लोकांचे फुटबॉलचे सामने असतात. बेकरीवाले, गॅरेजवाले, पोस्टातले — आठवडाभर राबायचं आणि रविवारी चिखलात लोळायचं. कोपऱ्यावरचा औषधवाला हे सगळं जमवतो. पदरचा कप देतो म्हणून तोच साहेब. त्यानं भिंगरीला सांगितलंय, "अंतिम सामन्याआधी तीन सामने उरलेत. काढून दाखव. बरे आले तर पुढच्या वर्षीचं सगळं काम तुझं. नाहीतर माझा भाचा मोबाइलवर काढतोच आहे."

तो भाचा! त्याच्या फोटोत चेंडू कधी नसतोच. नुसते पाय.

आणि त्याच मैदानावर पंच कोण? आमचे चिरंजीव. आठवडाभर शाळेची बस चालवतो आणि रविवारी काळे कपडे, गळ्यात शिट्टी. दिलेला निकाल कधी फिरवला नाही याचा त्याला काय तोरा! म्हणजे आता रविवारी मुलगाही मैदानावर आणि नातही मैदानावर. मी घरी बसून काय करू? मीही जाणार!

५ नोव्हेंबर, बुधवार

भिंगरीचं लक्ष ठिकाणावर नाही. स्वतःच्या चहात साखर घातलीच नाही, माझ्या चहात दोनदा घातली. मी प्याले मुकाट्यानं. गोड लागला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आणला! आणला! आणला!

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान म्हणजे बोळकंडी. कपाटात नुसते काळे काळे डोळे, सगळे माझ्याकडे बघतायत. कॅमेरेवाला आधी नवाच पुढे करत होता, वर पिशवी फुकट. भिंगरी ऐकेना. तिला जुना, जाडजूड, एका दमात खटखटखट पुष्कळ फोटो काढणारा हवा. धावणाऱ्या माणसाचा एकच फोटो काढला तर डोळे मिटलेले येतात म्हणे. पुष्कळ काढले की एखादा नेमका सापडतो. तिनं हिशेबच केलाय — पैसे लेन्सला घालायचे, कॅमेरा जुना चालेल.

मग लेन्सवरून अडलं. दोन होत्या, किमतीला सारख्याच. एकीचं तोंड मोठं, उजेड भरपूर शिरतो, संध्याकाळीही चालते, पण ती आहे तिथून हलत नाही — लांबचं तेवढंच दिसणार. दुसरीचं तोंड लहान, पण तिला लांबही करता येतं आणि आखडूनही घेता येतं. भिंगरी एकदा ही उचलते, एकदा ती. घामानं नुसती भिजली. मी म्हटलं, अगं, खेळ एकदम अंगावर आला तर? मोठ्या तोंडाची मागे घेता येत नाही, तुलाच उठून पळावं लागेल. कॅमेरेवाला हसला. "काय आजी, तुम्ही काढणार की काय फोटो?"

"मी कशाला काढू? मी पळणार," म्हटलं. आणि खरंच पळायला लावलं मला! भिंगरी म्हणे, आजी, त्या खांबापासून सरळ माझ्याकडे ये, मला बघायचंय हा धावत्या माणसाला धरून ठेवतो का. चपला हातात घेतल्या आणि सुटले. शिंपी मशीन सोडून दारात आला. "काय झालं आजी? कोण मागे लागलंय?" म्हटलं, कुणी मागे नाही, नात पुढे आहे!

एका फोटोत माझे दोन्ही पाय हवेत आहेत. दोन्ही! कॅमेरेवाल्यानं तो मोठा करून दाखवला, माझ्या नाकावरचा तीळ लख्ख. बाई गं, मी मोहरून गेले. आखडती घेता येणारी घेतली. भिंगरीनं ती दिव्यासमोर धरून आत बुरशी आहे का बघितली. बारीकसा एक ठिपका आहे, तो फोटोत येत नाही, असं कॅमेरेवाला म्हणाला. आठवडाभरात परत आणली तर घेईन, नंतर नाही. एकपायी काठी मिळते कॅमेरा टेकवायला, तीही गळ्यात घालत होता. आम्ही त्याऐवजी जादा बॅटरी घेतली. बॅटरीच मेली तर काठीवर काय कपाळ टेकायचं?

९ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू. सगळे हलले.

सामना बँकवाले आणि पोस्टवाल्यांचा. आम्ही बाजूच्या रेषेशी बसलो, मी माझ्या घडीच्या स्टुलावर. आभाळ भरलेलं, उजेड मेलेला. भिंगरी खटखट काढत होती, मी आपली खूश. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावले आणि ती बघता बघता पांढरी पडली. मैदानभर बावीस भुतं! कुणाला तोंड नाही, कुणाला तीन पाय. चेंडू म्हणजे धूर.

मुलानं विचारलं, कसे आले? सुनेनं त्याला आमटी वाढली. मग तोच म्हणाला, "मी सांगत होतो नवा घे म्हणून." तेवढं बोलला नसता तर काय बिघडलं असतं! भिंगरी ताटावरून उठली. सुनेनं नवऱ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं की मीच खाली मान घातली.

उरले दोनच सामने.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लेन्स वाईट की हात वाईट? दोन दिवस हाच घोर. लेन्स वाईट असेल तर गुरुवारच्या आत परत करायला हवी. हात वाईट असेल तर परत करून उपयोग काय?

आज भिंगरीनं युक्ती केली. गच्चीवर कठड्यावर कॅमेरा ठेवला, खाली उशी, हात न लावता समोरच्या इमारतीवरच्या पाटीचा फोटो काढला. अक्षर न् अक्षर स्वच्छ! म्युनिसिपालिटीनं लावलेली बारीक सूचनासुद्धा वाचता आली. म्हणजे लेन्स निर्दोष. मला असं झालं, कुणाला तरी तुरुंगातून सोडवून आणलंय.

मग दोष कुणाचा? तर पापणीचा! मला तिनं समजावलं ते असं: कॅमेरा पापणी उघडतो आणि मिटतो. तेवढ्यात माणूस हलला की फोटो हलला. आभाळ आलं म्हणून कॅमेरा आपणहून पापणी सावकाश मिटत होता. आता पापणी पटकन मिटायला लावायची. मग अंधार पडतो. तो घालवायला दुसरा एक आकडा चढवायचा. तो चढवला की फोटोत वाळूसारखे दाणे येतात. म्हटलं, येऊ देत की! "तेच तर," म्हणाली, "मी दाणे येतील म्हणून भीत होते. दाणे चालतील आजी, हललेलं नाही चालणार."

मग काय, गल्लीत पळापळ! दिवेलागणीची वेळ. मी पळाले. सून नर्स आहे, वॉर्डात पळायची सवय, ती तर कपडे न बदलता तशीच पळाली. मुलगा पायरीवर बसून बूट साफ करत होता. तू पळ म्हटलं तर म्हणे, "मला रविवारी पळायचे पैसे मिळतात." पण फोटो बघायला उठून आला. "आईचा बरा आलाय," म्हणाला. माझा! दाणेदार, पण माझाच!

१६ नोव्हेंबर, रविवार

आले!! बेकरीवाल्यांचा गोलकीपर आडवा हवेत, बोटं ताणलेली, चेंडू बोटांपासून एवढासा. गालाचं मांस हललेलं दिसतंय, पण फोटो हललेला नाही.

भिंगरीनं औषधवाल्याला नेऊन दाखवले. मी बरोबर, खोकल्याच्या गोळ्या घ्यायचं निमित्त करून. त्यानं एकेक पाहिला. "हं." एवढंच! हं म्हणजे काय समजायचं माणसानं? मग म्हणाला, "पुढचा रविवार उपांत्य सामना. बेकरीवाले आणि गॅरेजवाले. मला गोलाचा फोटो पाहिजे. बाजूनं नको, गोलरेषेशी बसून काढ. तो जमला तर बोलू."

गोळ्या कडू निघाल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गोलकीपरचा फोटो बेकरीत लागला! पाव आणायला गेले ती तिथेच उभी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, नातीनं काढलाय, नातीनं. शेवटी बेकरीवाला म्हणाला, आजी, पाव गार झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आल्या आल्या लिहायला बसलेय. अक्षर बघा.

भिंगरी गोलरेषेच्या टोकाला, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ मांडी घालून बसली. मी तिच्या मागे स्टुलावर. बेकरीवाले एका गोलनं पुढे. शेवटी शेवटी गॅरेजवाल्यांनी चढाई केली. त्यांच्यातला एक पोरगेला मेकॅनिक आणि बेकरीचा आडदांड कणीक मळणारा, दोघं चेंडूमागे आमच्याच बाजूला येत होते. भिंगरीनं लेन्स सर्रकन आखडून घेतली. मेकॅनिकनं चेंडू मारला, गोलकीपरनं मागे झेप घेऊन ओढला, आणि तेवढ्यात ते दोघं घसरत घसरत थेट भिंगरीवर! ती उताणी. कॅमेरा छातीशी धरलेला. मी स्टूल टाकून धावले. "लागलं का गं?" तर म्हणते, "लेन्स बघ, लेन्स!" कोपर सोलवटलंय, त्याचं काही नाही.

मान वर केली तर मैदानावर गदारोळ. गॅरेजवाले ओरडतायत — गोल! चेंडू आत होता! मुलगा मान हलवून नाही म्हणाला. सगळे त्याच्याभोवती. एकानं त्याचा शर्ट धरला. माझ्या मुलाचा शर्ट! तो ताठ उभा. "मी पाहिलंय. चेंडू रेषेवर होता. पूर्ण गेला नव्हता." शिट्टी वाजवली, सामना संपवला. बेकरीवाले अंतिम सामन्यात गेले.

बसथांब्यापर्यंत आमच्या मागून लोक चालत होते. मुलगा पुढे, भिंगरी मागे, मधे मी स्टूल घेऊन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भिंगरीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि मला बोलावलं. "आजी, बस. आणि ओरडू नकोस."

फोटोत पांढरी रेषा आहे. रेषेच्या आत चेंडू. आणि रेषेच्या नि चेंडूच्या मधे हिरवं गवत. गवताची पात दिसते! आम्ही तेवढंच मोठं करकरून पुन्हा पुन्हा पाहिलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनाही दिसतंय. गोल झाला होता.

औषधवाल्याचा निरोप आलाय — गॅरेजवाल्यांनी तक्रार केलीय, बुधवारी सगळे फोटो आण, एकही गाळायचा नाही. मी म्हटलं, अगं, इतके खटखट काढलेस, एक कमी गेला तर कोण मोजतंय?

"आजी!"

एवढंच म्हणाली. मग हळूच, "मी मोजेन ना."

मी तोंड फिरवून बसले. तिचा राग आला नाही मला. पण तो माझा मुलगा आहे. त्याला घोळक्यात उभं राहिलेलं मी पाहिलंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी गॅरेजवाल्यांचा तो मेकॅनिक आमच्या गल्लीतून गेला, मुद्दाम मोठ्यानं बोलत. "फोटो कुठून मिळणार! पंचाचीच पोरगी ती. बापाची चूक धुऊनच देणार." भिंगरी खिडकीत उभी होती. ऐकलंन. कोपराची खपली खाजवत राहिली.

जेवताना मुलगा पुन्हा तेच. "मी डोळ्यांनी पाहिलंय. इतकी वर्षं शिट्टी उगाच नाही वाजवली." कुणी विचारलंही नव्हतं! वाढलेलं तसंच, नुसता बोलतोय. भिंगरी उठली, कॉम्प्युटर आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"बाबा, उद्या द्यायचेत. तुम्ही आधी बघा."

त्यानं पाहिलं. किती वेळ पाहिलं! मला वाटलं आता चिडेल, म्हणेल कॅमेरा जुना, लेन्स वाकडी. तिचा मोठा केलेला भाग त्यानं स्वतःच लहान केला, सगळा फोटो पाहिला. चेहरा असा झाला की मला तो लहानपणी तापात असायचा तसा दिसला.

"दे त्याला," म्हणाला.

"बाबा, तुम्ही असताना मी —"

"दे म्हटलं ना!"

उठून गेला. सून म्हणाली, अहो, जेवण तरी. गेलाच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दिले. सगळे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

निकाल लागला. गोल धरला, बरोबरी झाली, सामना पुन्हा खेळायचा. पंच दुसरा. या मोसमात आमच्या मुलाला शिट्टी नाही. औषधवाला स्वतः घरी आला सांगायला, एवढी माणुसकी आहे त्याच्यात. "चूक कुणाचीही होते हो," म्हणाला. मुलगा नुसता मान डोलावत होता. काही सांगायचं आहे का, असंही विचारलं त्याला. नाही म्हणाला.

मग औषधवाला भिंगरीकडे वळला. पुढच्या वर्षीचं काम तुझं. बापाची चूक दाखवणारा फोटो लपवला नाहीस, तुझ्यावर सगळे संघ विश्वास ठेवतील.

आणि ही म्हणते, नको!

"बाबांची शिट्टी गेली आणि माझं काम झालं, असं मला नको. कॅमेरा परत विकून टाकते." मी हातापाया पडायची बाकी राहिले. अगं, गल्लीत मला पळवलंस ते याचसाठी का? तिच्या डोळ्यांत पाणी, पण मान हलत नाही. बापासारखीच! दिलेला निकाल फिरवायचा नाही!

मुलगा तिच्याशी बोलत नाही. ती त्याच्याशी बोलत नाही. तिला वाटतं तो तिच्यावर रागावलाय. मी त्याला गाठून विचारलं, पोरीवर राग आहे का रे? म्हणाला, "तिच्यावर कशाला असेल?" मग कुणावर? दारात लावलेल्या शाळेच्या बसमध्ये जाऊन बसला, फेऱ्या संपलेल्या असून.

आणि मला एकच कळत नाही. हा असा चुकला कसा? चेंडू त्याच्या समोर होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कॅमेरा पुसून, पिशवीत घालून ठेवलाय. उद्या सकाळी दुकानात नेणार. सून म्हणते, आई, तुम्ही तरी बोला. मी किती बोलू? या घरात सगळ्यांना मीच मधे पडायला हवी असते आणि पडले की नको असते.

३० नोव्हेंबर, रविवार

ती तयारी करत होती. कॉम्प्युटर उघडाच होता, फोटो लावलेला. म्हटलं, जाण्याआधी शेवटचं बघून घेऊ. मला मोठं करता येतं आता, पण बोट भलतीकडे गेलं आणि चेंडू सोडून फोटोची कडा मोठी झाली. तिथे मुलगा. काळे कपडे, जरा धूसर.

गोलकीपर चेंडूकडे बघतोय. गॅरेजवाले, बेकरीवाले, मागे उभी असलेली माणसं, सगळे चेंडूकडे. हा नाही. याचं तोंड सरळ आमच्याकडे आहे. दोन गडी घसरत पोरीवर येतायत आणि हा हात पुढे करून, तोंड उघडून तिच्याकडे बघतोय. शिट्टी गळ्यात लोंबतेय.

मी हाक मारली. भिंगरी पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. म्हटलं, चपला काढ आणि इकडे ये.